समोरच्यानं सगळं लावलं तेव्हा

रवळू घाडीवर मी पहिल्याच महिन्यात एकदा चिडले होते. मी फिजिओथेरपिस्ट. माहेर निपाणीजवळचं, राहते बेळगावात खासबागला. हिंडलग्याला त्याच्या घरी आठवड्यातून तीन दिवस जायचे. त्या दिवशी त्याचे पाय हातात घेऊन मी गुडघ्यात वाकवायला लागले, आणि हा म्हणतो, "मॅडम, एकच मिनिट. समोरच्यानं सगळं लावलंय."

मोबाईलवर पत्ते होते.

"रवळूअण्णा, मी इथं पत्ते बघायला येत नाही," मी म्हटलं.

"व्हय, मॅडम. अर्धा मिनिटच." त्यानं डोळे मिटले. मीच शिकवलेला श्वास घेतला: चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. मग डोळे उघडले, स्क्रीनवर एक बोट टेकवलं आणि मोबाईल उशाखाली सरकवला.

"जिंकलासा?"

"न्हाय. पत्ते टाकलो. घ्या आता पाय."

पाय ताणत असताना माझ्या मनात आलं, हरूनसुद्धा हा माणूस इतका शांत कसा? पुढं जवळजवळ तीन वर्षं मी त्या घरी जात होते. त्याला चालायला मी शिकवू शकले नाही, ते होण्यासारखं नव्हतंच. पण त्याच्याकडून मी जे बघितलं ते सांगावंसं वाटतं.

रवळू जांबोटीकडच्या एका वाडीचा. वीजखात्यात, म्हणजे आमच्याकडं अजून ज्याला केईबीच म्हणतात तिथं, तो लाईनमन होता. जंगलातून गेलेल्या तारा, पावसाळ्यात रोज कुठं ना कुठं फांदी पडलेली, आणि खांबापर्यंत पोचायचं म्हणजे तीन-चार किलोमीटर चिखलातून पायपीट. खांबावर चढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असं त्याच्या बरोबरचे सांगतात. २०२१ च्या जुलैत एका वस्तीवरची लाईट दोन दिवस गेली होती. तो खांबाखाली पोचला तेव्हा खाली दहा-बारा माणसं जमलेली. कुणी ओरडत होतं, कुणी टोमणे मारत होतं. एक जण म्हणाला, "ह्यो काय चढतोय, दुसरा मागवा." रवळूला राग आला. पट्टा बांधायला लागतं ते अर्धं मिनिट त्यानं वाचवलं आणि तसाच चढला. वर ओल्या लोखंडावरनं पाय सुटला.

"कुणाची चूक न्हाय, मॅडम," तो मला म्हणाला होता. "माझीच. मला त्या माणसाला दाखवायचं होतं."

कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता, आणि लग्नाला सहा वर्षं झाली होती.

बेळगावच्या दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खाटेवर मष्णू म्हणून एक जण होता. मूळचा खानापूर तालुक्यातला, पण पणजीत कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटायचं काम करणारा. चोर्ला घाटात मोटारसायकल घसरून त्याची मांडी मोडली होती. दोघांनाही हलता येत नव्हतं. मष्णूच्या पिशवीत पत्त्यांचा जोड होता. खाटांच्या मधे स्टूल ओढून घेऊन त्यानं रवळूला पोकर शिकवलं. पैसे दोघांकडंही नव्हते. रवळूच्या बायकोनं, दिपालीनं, घरनं चिंचोके आणून दिले. ते लावून दोघं खेळायचे.

खेळ सांगायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून. मग मधे सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडे पडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. हातातले आणि मधले मिळून जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, किंवा पाचही एकाच जातीचे, जसं सगळी इस्पिकं, अशी चढती ताकद. प्रत्येक टप्प्याला ज्यानं त्यानं ठरवायचं: लावायचं, समोरच्यानं लावलं तेवढं भरून पुढं जायचं, का पत्ते टाकून बाजूला व्हायचं. चांगले पत्ते नसतानाही कुणी दणक्यात लावू शकतो. समोरचा घाबरून पत्ते टाकतो आणि सगळा ढीग ह्याचा होतो.

"सगळा खेळ तिथंच हाय," मष्णू म्हणायचा. "गप बसलेला माणूस अचानक मोठं लावतो ना, तवा तू काय करतोस, त्यावर तू कोण हैस ते कळतं."

दवाखान्यातनं सुटल्यावर मष्णू गोव्याला गेला आणि रवळू हिंडलग्याच्या दोन खोल्यांत. दिवस सरता सरत नसे. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यानं मोबाईलवर पोकरचं ॲप घेतलं. आधी फुकटातलं खेळला, मग दिपालीला विचारून महिन्याला पाचशे रुपये ठरवले. हे पाचशे गेले तर पुढच्या महिन्यापर्यंत मोबाईल बंद, अशी तिची अट होती.

पहिले पाचशे तीन दिवसांत गेले. हे त्यानं स्वतःच मला सांगितलं, हसत हसत. एक खेळाडू होता. रवळूनं थोडं लावलं की तो एकदम त्याच्या दहापट लावायचा. दोनदा रवळूनं पत्ते टाकले. तिसऱ्यांदा त्याची कानशिलं तापली. 'मला घाबरवतोस?' म्हणून त्यानं हातात फारसं काही नसताना सगळं भरलं. समोरच्याकडं तीन एक्के होते.

दिपाली तांदूळ निवडत बसली होती. ह्यानं मोबाईल आपटला तसं तिनं विचारलं आणि ह्यानं झालेलं सगळं सांगितलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "त्यानं दगड मारला म्हणून तुम्ही डोकं पुढं केलासा व्हय?"

दिपाली सातवीपर्यंत शिकलेली. पोकरचा एक पत्ता तिला कळत नव्हता. पण रवळू सांगायचा, पोकरची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी जे पन्नास पानांत सांगितलं ते बायकोनं तांदळातला खडा काढता काढता सांगितलं. तो खांबही त्याला त्याच दिवशी आठवला. दोन्ही वेळेला त्यानं समोरच्याला उत्तर दिलं होतं, आणि समोरचा नेमकं काय म्हणतोय ते ऐकलंच नव्हतं.

तिथून पुढं तो बदलला. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागं त्यानं लिहायला सुरुवात केली. कोण खेळाडू कसा लावतो, मोठं लावल्यावर पत्ते उघडे झाले तेव्हा काय निघालं. भिंतीला टेकून ती पानं असायची. मी व्यायाम घेताना वाचायचे; नावं ॲपवरची, टोपणनावं. 'पोपट ४१२: आधी गप, शेवटी मोठा. चारदा बघितलं. चारीदा खरा.' 'मैना: हरली की लगेच मोठं लावते. खोटं असतंय बऱ्याचदा.' सात-आठ महिन्यांत तशी चाळीस-पन्नास पानं झाली.

"एक गोष्ट कळली, मॅडम," तो म्हणाला. "आमच्यासारख्या बारक्या टेबलावर जो माणूस शेवटच्या पत्त्याला अचानक मोठं लावतो, तो बहुतेक खरंच बोलत असतो. आपल्याला वाटतं, ह्यो फसवतोय. कारण आपल्याला तसं वाटायला पाहिजे असतंय. आपले पत्ते चांगले असले की ते टाकवत न्हाईत."

"मग काय करायचं?"

"डाव पयल्यापास्नं परत सांगायचा. मनात. यानं आधी काय केलं, मग काय केलं, आणि आता हे केलं. सगळी गोष्ट जुळली तर पत्ते टाकायचे. कितीबी चांगले असू देत."

"आणि नाही जुळली तर?"

"तर बघायचं. पण तवाबी अर्धा मिनिट थांबून."

ॲपवर विचार करायला तीस सेकंद मिळायचे. बहुतेक लोक तीन सेकंदांत बोट दाबून मोकळे होतात. रवळू तीसच्या तीस वापरायचा. माझा श्वास वापरायचा म्हणून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

२०२२ च्या अखेरीला खात्यानं त्याला तक्रारीच्या फोनवर बसवलं. लाईट गेली की लोक फोन करतात आणि बहुतेक जण शिव्यांनीच सुरुवात करतात. रवळू ऐकून घ्यायचा. त्याच्या बरोबरच्या भरमूनं मला सांगितलं, "मॅडम, आमी फोन आपटतो. ह्यो गप ऐकतो, आन मग विचारतो, 'आक्का, शेजारची लाईट हाय का गेलीय?' समोरची बाई एकदम निम्म्यावर येते."

हाच भरमू रवळूचं बघून पोकर खेळायला लागला आणि दोन पगार घालवून बसला. मग रवळूकडं आला. 'अण्णा, युक्ती सांग, निदान गेलेलं तरी परत मिळू दे.' रवळूनं त्याचा मोबाईल मागून घेतला आणि त्याच्यासमोर ॲप काढून टाकलं.

"तू खेळतोस," भरमू म्हणाला, "आन मला नको म्हणतोस?"

"मी महिन्यातनं पाचशे घालवायला बसतो," रवळू म्हणाला. "तू गेलेलं आणायला बसतोस. त्यो खेळ येगळा. त्यात मीबी हरीन."

भरमू चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी रवळूच्या चाकाच्या खुर्चीचं पंक्चर काढून द्यायला आला.

आता त्या रविवारची गोष्ट. २०२४ चा फेब्रुवारी होता. दुपारी दोनला एक स्पर्धा सुरू झाली, दोनशे रुपये प्रवेश, अकराशेच्या वर खेळाडू. मी चारला पोचले तेव्हा तीसेक जण उरले होते आणि त्यात रवळू होता. दिपाली दारातच मला म्हणाली, "मॅडम, आज पाय ऱ्हाऊ देत. चहा घ्या." मी बसले. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला होता, त्यावर दिपालीनं मोठं भिंग लावून दिलं होतं, आणि आम्ही तिघं तिकडंच बघत होतो.

सहाच्या सुमाराला चौघे उरले. त्यातला एक 'बॉसअण्णा' नावाचा. रवळूच्या हातात दोन राण्या आल्या. मधे गुलाम, सत्ती, दुर्री पडले. रवळूनं लावलं, बॉसअण्णा नुसता भरून पुढं आला. चौथा पत्ता पंजी. रवळूनं परत लावलं, तो परत मुकाट्यानं भरून आला. शेवटचा पत्ता आणखी एक सत्ती. रवळूनं तिसऱ्यांदा लावलं, आणि बॉसअण्णानं एकदम सगळं लावलं.

मला तोवर खेळ बऱ्यापैकी कळायला लागला होता. "दोन राण्या आहेत, रवळूअण्णा," मी म्हटलं. "टाकू नका."

तो डोळे मिटून पुटपुटला, "दोनदा गप आला. दोनदा. मग दुसरी सत्ती पडली आणि जागा झाला. म्हंजे तीन सत्त्या." कॅलेंडरचं पान बघितलं. बॉसअण्णानं शेवटच्या पत्त्याला असं केलेलं त्यानं दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळेला खरं निघालं होतं. पाच सेकंद उरले असताना त्यानं राण्या टाकल्या.

समोरच्यानं पत्ते दाखवले नाहीत. दाखवावे लागत नाहीत. उलट खाली लिहून पाठवलं, 'डर गया.'

"काय होतं त्याच्याकडं?" दिपालीनं विचारलं.

"ठाऊक न्हाय."

"मग चुकलासा काय?"

"तेबी ठाऊक न्हाय." त्यानं चहाचा घोट घेतला. मला त्या क्षणी त्या बॉसअण्णाला दोन शब्द सुनावावेसे वाटत होते. रवळूनं पुढच्या डावाकडं बघितलं.

पुढच्या दहा मिनिटांत बॉसअण्णानं तीनदा सगळं लावलं, तीनही वेळा बाकीच्यांनी पत्ते टाकले. मधल्या दुसऱ्या एका डावात एक खेळाडू बाहेर गेला, तिघं राहिले. मग रवळूच्या हातात एक राजा आणि एक गुलाम आला. मधे राजा, अठ्ठी, तिर्री पडले; राजा आणि अठ्ठी दोन्ही इस्पिकाचे. रवळूनं लावलं, बॉसअण्णा भरून आला. चौथा पत्ता किलवरची दुर्री. रवळूनं लावलं, तो परत आला. शेवटचा पत्ता बदामाची नव्वी. रवळूनं ह्या वेळी काही लावलं नाही, थांबला. आणि बॉसअण्णानं सगळं लावलं, मधल्या ढिगाच्या तिप्पट.

दिसायला सगळं आधीच्यासारखंच होतं. आणि रवळूकडचे पत्ते आधीपेक्षा हलके: मघाशी राण्या आणि सत्त्या अशा दोन जोड्या होत्या, आता राजाची एकच. हा डाव हरला तर त्याच्याकडं काहीच उरत नव्हतं. मी मनात म्हटलं, हा टाकणार.

रवळूनं डोळे मिटले. चार आत, सहा बाहेर. मग हळू आवाजात, जणू दिपालीला सांगावं तसं बोलायला लागला. "मधे इस्पिकं दोन होती. ह्याच्याकडं खरंच मोठं काय असतं तर इस्पिकवाल्याला घालवायला तवाच दणका दिला असता. गप आला. म्हंजे हाच इस्पिकाची वाट बघत होता. इस्पिक आलं न्हाय. माझ्या हातातबी इस्पिक न्हाय, म्हंजे त्याच्याकडं असायला जागा हाय." दहा सेकंद उरले. "आणि खरं असतं तर मी भरीन एवढंच लावला असता. ह्यानं मी पळावं म्हणून लावलंय. मघाशी पळालो ना."

"मग?" दिपाली म्हणाली.

"ही गोष्ट जुळत न्हाय." चार सेकंद उरले. "चुकू शकतो."

आणि त्यानं बोट टेकवलं.

बॉसअण्णाचे पत्ते उघडले. इस्पिकाचा एक्का आणि इस्पिकाची दश्शी. हातात काही म्हणजे काही नव्हतं. मी ओरडलेच. दिपालीनं दोन्ही हात तोंडावर धरले. रवळू भिंतीपासून पुढं वाकला, आणि मला दिसलं, त्याच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजली होती. शांत दिसणाऱ्या माणसाला भीती वाटत नाही, असं मला तोवर वाटायचं.

स्पर्धा तो जिंकला नाही. शेवटच्या दोघांत त्याच्याकडं दोन दश्श्या होत्या, समोरच्याकडं एक्का आणि पंजी. सगळं लागलं, आणि चौथ्या पत्त्याला एक्का आला. त्यात कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. रवळूनं खाली लिहून पाठवलं, 'चांगलं खेळलासा.' दुसऱ्या नंबरचे पस्तीस हजार मिळाले. त्यातून भरमूनं शोधलेली एक जुनी स्कूटर घेतली, तिला मागं दोन जादा चाकं लावून घेतली. लोक विचारायचे तेव्हा दिपाली आधी राण्या टाकल्याची गोष्ट सांगायची, मग दुसरी. मला तिचं पटतं. बॉसअण्णा घसरला तो रवळूला भित्रा समजला म्हणूनच. आणि 'डर गया' वाचूनसुद्धा रवळूनं पुढचा डाव पहिल्यापासून सांगून बघितला, म्हणून तो त्यातून निघाला.

गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टात, पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली. ॲप बंद झालं. आठवड्याभरात मष्णूचा फोन आला. मी तिथंच होते, फोन स्पीकरवर होता.

"रवळू, बाहेरच्या देशातली ॲपं चालू हैत. एक माणूस तुझ्यावर पाच लाख लावायला तयार हाय. हरलास तर त्याचे, जिंकलास तर निम्मे तुझे. आज सांग, उद्या तो दुसरा बघंल."

पाच लाख हा आकडा त्या खोलीत कुणी कधी मोठ्यानं उच्चारला नसेल. दिपाली स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मष्णू," रवळू म्हणाला, "तो माणूस मला वळखतो?"

"न्हाय. मी सांगितलंय त्याला."

"मग न बघितलेल्या माणसावर पाच लाख कशाला लावतोय? आणि आजच का?"

मष्णू म्हणाला, "ते मलाबी ठाऊक न्हाय रं."

"मग मला नको. तूबी विचार करून बघ. आणि पाय कसा हाय तुझा? पावसात दुखतोय काय?"

पुढं दहा मिनिटं दोघं मांडीतल्या सळीबद्दल बोलत राहिले.

मी आता त्या घरी नियमानं जात नाही, व्यायाम तो स्वतःच करतो. खात्याच्या बढतीला कन्नडची परीक्षा लागते. रवळूचं बोलणं चांगलं आहे, लिहिणं कच्चं. आमच्या घरी दोन्ही भाषा, म्हणून रविवारी तो स्कूटरवरून खासबागला माझ्याकडं येतो. जोडाक्षरांपाशी अडतो, वैतागतो, एकदा तर वही मिटून म्हणाला, "मॅडम, हे आपल्याला जमायचं न्हाय." बाहेर स्कूटरवर दिपाली भाजीची पिशवी धरून बसली होती, तिनं तिथूनच आवाज दिला, "आवरलं काय?"

"न्हाय अजून," रवळू म्हणाला, आणि त्यानं वही उघडली.